कराराची मुले आणि १९४३ ची परिषद

कोकणातला बेने इस्रायल समाज आपल्याला परका नाही. तेलाचे घाणे चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले हे मराठी बोलणारे ज्यू. ‘बेने’ या हिब्रू शब्दाचा अर्थ मुले. हाच शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने अमेरिकेतल्या एका संस्थेच्या नावात आहे: ‘ब्नाई ब्रिथ’, म्हणजे कराराची मुले. करार तो परमेश्वराने अब्राहामशी केलेला. आज बोलायचे आहे ते या संस्थेविषयी, आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर आलेल्या एका अवघड कामाविषयी.

१३ ऑक्टोबर १८४३ रोजी न्यूयॉर्कच्या एसेक्स रस्त्यावरील एका कॉफीगृहात हेन्री जोन्स आणि त्यांचे सोबती, असे जर्मनीतून आलेले बारा ज्यू जमले. हेतू अगदी घरगुती होता. सभासद आजारी पडला तर मदत, गेला तर दफनाची सोय, मागे राहिलेल्या विधवेचा आणि मुलांचा सांभाळ. शाखेला ‘लॉज’ म्हणत. हे मुक्कामाचे लॉज नव्हे, बंधुमंडळ. कोण कोणत्या पंथाची प्रार्थना करतो याची चौकशी तिथे होत नसे. वादाचे विषय दाराबाहेर ठेवायचे, हा शिरस्ता. त्यामुळेच संस्था फोफावली. १८८२ मध्ये ती जर्मनीत पोहोचली, पुढे ऑस्ट्रियातही. व्हिएन्नाच्या शाखेत १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड दाखल झाले.

हा शिरस्ता १९३३ मध्ये जड जाऊ लागला. हिटलर सत्तेवर येताच अमेरिकेतल्या ज्यूंनी जर्मन मालावर बहिष्काराची चळवळ उभारली. ब्नाई ब्रिथ संस्था म्हणून त्यात उतरली नाही. तिच्यावर बरीच टीका झाली. पण जर्मनीत तिच्या शाखा होत्या; न्यूयॉर्कमध्ये ठराव केला तर बर्लिनमधल्या सभासदाच्या दारावर थाप पडेल, ही भीती खोटी नव्हती. आपापल्या गावी मंडळाच्या कार्यकारिणीत बसलेल्या आणि सरकारदरबारी कोणत्या सुरात बोलावे यावर रात्री जागवलेल्या वाचकांना ही अडचण उकलून सांगायला नको. मात्र या संयमाने काही वाचले नाही. एप्रिल १९३७ मध्ये गेस्टापोने जर्मनीतल्या सर्व शाखा बंद केल्या आणि त्यांची मालमत्ता जप्त केली.

१९३८ मध्ये ओमाहाचे वकील हेन्री मॉन्स्की अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये जिनिव्हाहून तार निघाली, की युरोपातील ज्यूंचा समूळ संहार करण्याची योजना आखली जात आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याने खात्री होईपर्यंत ती बातमी जाहीर करू दिली नाही. खात्री व्हायला नोव्हेंबर उजाडला. ८ डिसेंबर रोजी मॉन्स्कींसह पाच जणांचे शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना भेटले. त्यांपैकी कामगार नेते अ‍ॅडॉल्फ हेल्ड यांनी भेटीचे टिपण करून ठेवले आहे. भेट जेमतेम अर्ध्या तासाची, आणि त्यात बहुतेक वेळ बोलले रूझवेल्टच! १७ डिसेंबरला दोस्त राष्ट्रांनी संहाराचा निषेध करणारे संयुक्त निवेदन काढले. लोकांना बाहेर काढायचे कसे, याची योजना त्यात नव्हती.

ज्यू संघटना अनेक होत्या आणि एकमेकींकडे संशयाने पाहत होत्या. कोणी झायोनिस्ट, कोणी त्याचे विरोधक, कोणी समाजवादी. सगळ्यांना एका मांडवाखाली बोलवायचे तर बोलावणारा कोणाच्याच गोटातला नको. मॉन्स्की स्वतः झायोनिझमच्या बाजूचे होते, पण त्यांची संस्था तटस्थ होती. शंभर वर्षे जपलेला तो शिरस्ता आता भांडवल ठरला. जानेवारी १९४३ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून पिट्सबर्गला तीसहून अधिक संघटना जमल्या. २९ ऑगस्टपासून न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात सुमारे ५०० प्रतिनिधींची ‘अमेरिकन ज्यूइश कॉन्फरन्स’ भरली.

पण कार्यक्रमपत्रिका पाहा. पिट्सबर्गला ठरलेले विषय होते युद्धोत्तर काळातील ज्यूंचे हक्क आणि पॅलेस्टाइनचे भवितव्य. युरोपात मरत असलेल्यांची सुटका हा विषय टीका झाल्यावर मागाहून घातला गेला. परिषदेत अब्बा हिलेल सिल्व्हर यांच्या भाषणाने सभागृह पेटले, आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्र हवे हा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विरोधी मते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्रिटिशांनी १९३९ च्या श्वेतपत्रिकेने तिथला प्रवेश आवळला होता, तेव्हा दार उघडणे हीच सुटका, असा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. तरी मला वाटते, एवढी मोठी सभा भरवून निकडीचे काम मागे राहिले. ऑक्टोबरात अमेरिकन ज्यूइश कमिटी या ठरावामुळे बाहेर पडली आणि एकीही गेली.

जानेवारी १९४४ मध्ये रूझवेल्ट यांनी निर्वासितांच्या सुटकेसाठी मंडळ नेमले. त्यामागे मुख्य जोर होता तो अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांचा, आणि काँग्रेसमध्ये ठराव आणवणाऱ्या एका छोट्या, बंडखोर गटाचा. त्या गटाला बड्या संघटना जवळ उभे करत नव्हत्या.

मॉन्स्की थांबले नाहीत. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद घडत असताना परिषदेचे सल्लागार म्हणून ते तिथे होते. मानवी हक्कांची तरतूद सनदेत यावी म्हणून ज्या बिगरसरकारी संघटनांनी रेटा लावला, त्यांत ही परिषद होती आणि फुटून गेलेली कमिटीही. सनदेत मानवी हक्क आयोगाची तरतूद झाली. मे १९४७ मध्ये मॉन्स्की वारले. त्यांच्या संस्थेच्या शाखांचे नेहमीचे काम, सभासदांच्या अडीअडचणींचे, तोवरही चालूच होते.