मावशी, तू कर ना!

मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या गळ्यात एखादं तरी पोर पडतंच. सबमिशन, ओरल्स, पेपर असं सगळं उरकून, आता पंधरा दिवस फक्त झोपायचं असा बेत करून आपण घरी पोचतो. तर तिथे ताई माहेरपणाला आलेली असते आणि आई म्हणते, "तू मोकळीच आहेस ना, याच्याकडे जरा बघ."

आमचे भाचेबुवा पाच वर्षांचे. पहिल्या दिवशी मी कागद आणि रंगीत खडू घेऊन त्याच्यासमोर बसले. म्हटलं, चल, घर काढू. त्याने एक रेघ ओढली. ती वाकडी गेली. त्याने खडू खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "मला नाही येत. मावशी, तू कर ना!"

मी केलं. पट्टी घेऊन, ग्राफिक्सची शीट असल्यासारखं झकास घर काढलं. कौलं, खिडकीचे गज, दारापुढे तुळस, सगळं. मान वर करून बघते तर साहेब आतल्या खोलीत आईच्या मोबाईलवर कार्टून बघत होते!

रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना. पाच वर्षांच्या मुलाला 'मला नाही येत' हे कोणी शिकवलं? मग माझी कॉन्व्हेंट शाळा आठवली. आम्हाला क्राफ्टचा तास होता. एकदा थर्माकोलचा इग्लू करून आणायला सांगितला होता. तो आईने रात्री अकरापर्यंत जागून केला आणि वहीत स्टार मात्र मला मिळाला. पुढे एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब आला, तेव्हा मी पहिल्यांदा कानस हातात धरली. दोन तास घासलं तरी काटकोन जमेना. शेवटी बॅचमधल्या एका मित्राला म्हटलं, "तू कर ना!" वाक्य तेच. फक्त माझं वय अठरा होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं की त्याच्यासाठी काही करायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं. त्या पंधरा दिवसांत आम्ही जे केलं, त्यातले तीन प्रकार खाली देते. सामान घरातलंच आहे. गंमत म्हणजे तिन्ही प्रकारांत आपला एकेक विषय लपलेला आहे, त्यामुळे आपल्यालाही कंटाळा येत नाही.

१. वाटाणे आणि काड्या

पांढरे वाटाणे रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून फडक्यावर पसरा. नव्या खराट्याच्या काड्या घेऊन त्यांचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. टोकं जरा तिरकी कापलीत तर काडी वाटाण्यात सहज घुसते. कापायचं काम मोठ्यांनी करावं. वाटाणा म्हणजे सांधा आणि काडी म्हणजे दांडी. दिवसभरात वाटाणे सुकून आवळतात आणि काड्या घट्ट धरून ठेवतात.

भाच्याने आधी चौकोन केला. तो उभा धरला की कलंडून पतंगासारखा व्हायचा. त्रिकोण केला, तो मात्र जागचा हलेना. "हा का नाही हलत?" त्याने विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याच्या हातात दोन्ही आकार देऊन म्हटलं, "तूच दाबून बघ." थोड्या वेळाने तो म्हणाला, "चौकोनाच्या पोटात एक काडी घालू या." मग त्याने पोटात आडवी घालायला काडी घेतली, तर ती पुरेना! पाच सेंटिमीटरच्या चौरसाला कर्ण सात सेंटिमीटरहून किंचित मोठा लागतो. हे त्याला पायथागोरसशिवाय कळलं, 'इथे लांब काडी पाहिजे' एवढ्या शब्दांत.

मंडळी, हेच आपण इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये ट्रस म्हणून शिकलो. सपाट ट्रस डळमळू नये म्हणून सांध्यांच्या संख्येची दुप्पट वजा ३ इतके मेंबर लागतात. त्रिकोणाला सांधे ३, म्हणून मेंबर ३. चौकोनाला सांधे ४, म्हणून मेंबर ५, आणि काड्या चारच असतात. तीच ती पोटातली पाचवी काडी. त्रिमितीत सांध्यांची तिप्पट वजा ६. घनाचे सांधे ८, म्हणजे मेंबर हवेत १८. कडा फक्त १२. राहिले ६, आणि घनाला पृष्ठंही सहाच! प्रत्येक पृष्ठावर एक तिरकी काडी घाला, घन ताठ उभा राहतो. हे सूत्र मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण सहा का, ते त्या दिवशी वाटाण्याचा डबा करताना कळलं.

हा खेळ काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. बालवाडीची मूळ कल्पना मांडणाऱ्या जर्मनीच्या फ्रोबेलने १८३७ साली आपली संस्था सुरू केली. त्याच्या पद्धतीतच काड्या आणि भिजवलेले वाटाणे होते. अमेरिकेत १८९९ च्या सुमाराला असाच एक चार वर्षांचा मुलगा बालवाडीत बसला होता. त्याची नजर फार अधू होती आणि अजून चष्मा लागलेला नव्हता. बाकीच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या घरांसारखे चौकोनी आकार केले. याला घरं नीट दिसतच नव्हती, म्हणून तो हाताला जे घट्ट लागेल ते करत गेला आणि त्याची सगळी रचना त्रिकोणांची झाली. हा मुलगा म्हणजे बकमिन्स्टर फुलर. पुढे त्याने त्रिकोणांनी बांधलेले जिओडेसिक घुमट जगभर प्रसिद्ध केले, १९५४ साली त्याचं पेटंटही घेतलं. बालवाडीतली ही आठवण तो स्वतःच सांगत असे.

पोर जरा मोठं, आठ-नऊ वर्षांचं असेल तर वाटाण्याऐवजी सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी वापरा. तिचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि दोन्हीकडून काडीपेटीतल्या काड्या खुपसायच्या. काड्यांचा गुल मात्र आधी खरवडून टाका. तिसरी काडी जोडायची तर रबराला मध्यभागी सुईने भोक पाडायचं. काड्यांचा हा मेकॅनो लोकप्रिय करणारे अरविंद गुप्ता आपल्यातलेच, म्हणजे इंजिनिअर. १९७५ साली आय.आय.टी. कानपूरहून पदवी घेऊन ते पुण्याला टेल्कोत लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणं हेच त्यांचं काम झालं. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

२. चिंचोक्यांचा डोंगर

चार चिंचोके घ्या. खरबरीत फरशीवर एका बाजूने घासा, म्हणजे एक बाजू तपकिरी राहते आणि दुसरी पांढरी होते. आजीच्या काळी पटावर खेळताना फासे म्हणून हेच वापरत. घासण्यात मुलांचा अर्धा तास आरामात जातो (आणि आपली एक डुलकी होते!).

आता कागदावर पाच घरं आखा: ०, १, २, ३, ४. चारही चिंचोके एकदम टाकायचे, किती पांढरे पडले ते मोजायचं आणि त्या घरात तुरीच्या डाळीचा एक दाणा ठेवायचा. दाणे एकापुढे एक लावत जायचं. टाकण्याआधी मुलाला विचारा, "कुठलं घर जिंकेल?" आमच्या भाच्याने ४ वर पैज लावली, कारण तो सगळ्यात मोठा! तीस वेळा टाकल्यावर दोनची रांग सगळ्यात लांब झाली, दोन्ही टोकं बुटकी राहिली. "मध्ये डोंगर झाला!" तो ओरडला.

एम-थ्रीमधलं बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन ते हेच. चार चिंचोके १६ प्रकारे पडू शकतात. त्यात शून्य पांढरे एकाच प्रकारे, एक पांढरा ४ प्रकारे, दोन ६, तीन ४ आणि चार पुन्हा एकाच प्रकारे. चिंचोका काही नाण्यासारखा समतोल नसतो, त्यामुळे डोंगर थोडा इकडे-तिकडे सरकतो. पाच वर्षांच्या मुलाला यातलं काही सांगायची गरज नाही. तो मोजतो, अंदाज बांधतो, अंदाज चुकतो आणि चुकलं तरी हसतो. माझ्या मते, शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

३. कागदाचा पूल

दोन पुस्तकांच्या चवडी वीतभर अंतरावर ठेवा. त्यावर एक साधा कागद आडवा टाका. वर नाणं ठेवलं की कागद नाण्यासकट खाली. आता मुलाला तोच कागद जपानी पंख्यासारखा पुढे-मागे घड्या घालून द्यायला सांगा. घड्या एका चवडीपासून दुसरीपर्यंत लांब गेल्या पाहिजेत. आता एकेक नाणं ठेवत जा आणि मोजत जा. आमच्या पुलाने नाण्यांसकट छोटी स्टीलची वाटी पेलली.

कागद तोच, वजन तेच, मग ताकद आली कुठून? एस.ओ.एम. आठवा. वाकण्याला होणारा विरोध खोलीच्या घनावर ठरतो. सपाट कागदाची खोली मिलीमीटरचा जेमतेम एक दशांश, घडी घातली की दोन सेंटिमीटर. भाच्याला मी एवढंच विचारलं, "असं नागमोडी अजून कुठे पाहिलंस?" त्याने संध्याकाळपर्यंत शोध घेतला आणि शेजारच्या गोठ्याचा पत्रा दाखवला. हे उत्तर मी सांगितलं असतं तर तो दहा मिनिटांत विसरला असता.

पण खेळणी विकतची नकोत का?

असतील तर चांगलंच. पण नाहीत म्हणून काही अडत नाही. ताराबाई मोडकांना हाच प्रश्न पडला होता. माँटेसोरी पद्धतीचं साहित्य महाग, खेड्यातल्या बालवाडीला ते कसं परवडणार? १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ होत्या. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं असं आजूबाजूला मिळणारं सामान शिकवण्याचं साहित्य म्हणून वापरलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही त्यांचीच. आपल्याकडे तर कणकेचा गोळा आहे, दिवाळीतला मातीचा किल्ला आहे, पोळ्याचे बैल आहेत. आपण फक्त मुलांच्या हातातून ते काढून घ्यायचं नाही.

काही सूचना, स्वतः चुकून शिकलेल्या

एक, तीन वर्षांखालच्या मुलांना वाटाणे, चिंचोके, नाणी देऊ नका. ती थेट तोंडात किंवा नाकात जातात. मोठ्या मुलांजवळही बसून राहा. सुई, कात्री, ब्लेड आपल्याच हातात ठेवा.

दोन, नमुना करून दाखवायचा असेल तर ओबडधोबड करा. आपलं फार सुबक झालं की मुलं हात आखडतात. माझ्या कौलारू घराचा अनुभव वर सांगितलाच.

तीन, नुसतं 'छान, छान' म्हणू नका. 'हे कसं केलंस?' किंवा 'आता पडेल की राहील?' असं विचारा. मुलं भरभरून बोलतात. बोलताना त्यांचे शब्द वापरा. मी 'डायगोनल' म्हणत होते, तो 'पोटातली काडी' म्हणत होता. दुसऱ्या दिवसापासून मीही तेच म्हणायला लागले.

चार, आणि हे सगळ्यात अवघड: वाकडं दिसलं तरी सरळ करू नका. माझे हात शिवशिवायचे. शेवटी मी सरळ पाठीमागे हात बांधून बसायला लागले. आई म्हणाली, "शिक्षा झाली आहे का तुला?"

शेवटी भाच्याने वाटाण्यांचा एक तीन मजली मनोरा केला. तो एका बाजूला झुकलेला होता आणि दुसऱ्या मजल्यावर एक काडी कमी होती. मला ती दिसत होती. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती, मी हॉस्टेलला निघून आले.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. मागून आवाज येत होता, "मला दे, मला बोलायचंय!" मग फोनवर धापा टाकत तो म्हणाला, "मावशी, मनोरा पडला." मी काही समजूत घालणार, एवढ्यात पुढचं वाक्य आलं, "पण मला कळलं कुठे पोटातली काडी राहिली. आई करून देत होती, मी तिला सांगितलं, तू हात नको लावू. मी करतो."

त्या रात्री मी ट्रंकेतून एफ.ई.चा तो फिटिंगचा जॉब काढून बघितला. काटकोन अगदी चोख आहे. पण तो माझा नाही.

येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा जाताना पाव किलो वाटाणे घेऊन जा. आणि स्टाफमधल्या ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांनी सुट्टीची तरी वाट का बघावी? आज रात्रीच भिजत घाला.