आकड्यांची साखळी आणि न आलेला निरोप

शाळेतून वरिष्ठ कार्यालयाकडे जाणाऱ्या माहितीचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पार पालटले आहे. पूर्वी मुख्याध्यापकांनी मासिक पत्रक केंद्रप्रमुखांच्या हाती द्यावे, त्यांनी ते पंचायत समितीत पोहोचवावे आणि तेथील लिपिकाने बेरजा मांडाव्यात, असा क्रम होता. आता शालेय पोषण आहाराचा लाभ किती मुलांनी घेतला, हा आकडा शिक्षक रोजच्या रोज मोबाइलवरून भरतात आणि तो राज्यामार्फत केंद्र शासनाच्या स्वयंचलित संनियंत्रण प्रणालीपर्यंत जातो. मधल्या बेरजा कोणी माणूस करीत नाही. त्या यंत्राकडून आपोआप होतात. आपण भरलेल्या आकड्याचे पुढे काय होते आणि तो न भरल्यास सूचना का येते, असे अनेक शिक्षकबंधुभगिनी विचारतात. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे इष्ट वाटते.

ठरल्या वेळी माहिती गोळा करावी, ती एकत्र जुळवावी आणि धोका दिसताच इशारा द्यावा, ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८६४ साली कलकत्त्यास भीषण चक्रीवादळ झाले. पुढे १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. या अनुभवानंतर १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. निरीक्षण एका गावचे असून भागत नाही. अनेक गावांची निरीक्षणे एकाच क्षणी घेतलेली असावी लागतात आणि ती वेळेवर एकत्र यावी लागतात. आपल्या वेंगुर्ल्याप्रमाणेच देशभरातील वेधशाळांत २४ तासांच्या पावसाचे माप सकाळी ८ वाजून ३० मिनिटांनी घेतले जाते. ही वेळ प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु त्या क्षणी ग्रीनिच येथे पहाटेचे ३ वाजलेले असतात आणि जगभरच्या निरीक्षकांनी हीच घटका मान्य केलेली आहे. परिणामी सोमवारी रात्री कोसळलेला पाऊस मंगळवारच्या नोंदीत दिसतो. (पाचवी-सहावीच्या मुलांना वर्तमानपत्रातील पावसाचे आकडे दाखवून हे समजाविल्यास भूगोलाचा एक तास सार्थकी लागेल.) वेळापत्रक म्हणजे नुसती घड्याळातील वेळ नव्हे, दिवस कोठे सुरू होतो व कोठे संपतो, हेही त्यानेच ठरते.

याचे दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. कोकण रेल्वेने कणकवलीसह मार्गावरील काही स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदविणारी मापके बसविली आहेत; निवडक पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी आणि पुराची पातळी सांगणारी उपकरणेही आहेत. मापकाने मर्यादा ओलांडली की सूचना संबंधितांकडे जाते आणि गाड्यांच्या वाहतुकीचे नियमन केले जाते. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाल्यास गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने चालवावी, अशा सूचना चालकांना असतात. केवळ आकडा नोंदविणे आणि त्या आकड्यावरून कोणी तरी कृती करणे, यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

आता साखळीची रचना पाहू. ठराविक वेळी काम सुरू करणारी ‘क्रॉन’ नावाची साधी आज्ञावली १९७० च्या दशकापासून युनिक्स संगणकांवर वापरात आहे. ती घड्याळ पाहते व काम सोडते; मागचे काम झाले की नाही, याची तिला फिकीर नसते. मोठ्या साखळीस हे पुरत नाही. आपल्याकडे दुपारची घंटा झाली तरी शिजलेल्या अन्नाची चव शिक्षकांनी घेतल्याशिवाय मुलांना वाढले जात नाही. म्हणजे वाढण्यास दोन अटी आहेत, वेळ झालेली असणे आणि आधीची पायरी पार पडलेली असणे. २०१४ साली एअरबीएनबी या कंपनीत आरंभ झालेली ‘एअरफ्लो’ ही आज्ञावली नेमके हेच करते. कोणते काम कोणत्या कामानंतर, हे तिला आधी सांगून ठेवावे लागते. शाळांचे आकडे गोळा होणे, त्यांची तपासणी, केंद्र व तालुकावार बेरीज आणि मग धान्याचा हिशेब, असा क्रम असेल तर तपासणी फसल्यावर पुढची बेरीज थांबते. एखादी पायरी अडली तर थोड्या वेळाने ती पुन्हा करून पाहिली जाते, आणि तरीही जमले नाही तर माणसास कळविले जाते.

पुन्हा करून पाहण्यात एक मेख आहे. समजा, पहिली ते पाचवीच्या ४० मुलांनी जेवण घेतले. प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ या प्रमाणाने ४ किलो खर्ची पडला. शिक्षकांनी आकडा पाठविला, पण रेंज गेल्याने तो पोहोचला की नाही हे कळले नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा पाठविला. यंत्राने दोन्ही आकडे मिळविले तर ८ किलो तांदूळ संपल्याचे दिसेल आणि साठा नोंदवहीशी ताळा जमणार नाही. म्हणून चांगल्या साखळीत नवा आकडा जुन्यात मिळवीत नाहीत. त्याच शाळेच्या त्याच तारखेच्या आकड्याच्या जागी तो ठेवतात. मग काम एकदा होवो की चारदा, उत्तर एकच.

याहून महत्त्वाचा भेद आहे तो शून्याचा आणि रिकाम्या जागेचा. ‘०’ म्हणजे आज एकाही मुलाने जेवण घेतले नाही. रिकामी जागा म्हणजे काय घडले ते ठाऊक नाही. पहिल्या बातमीत तांदूळ संपला असेल, स्वयंपाकी आजारी असेल किंवा अतिवृष्टीमुळे सुटी असेल. दुसरीत कदाचित मुले पोटभर जेवली असतील आणि केवळ मोबाइलचा चार्ज संपला असेल. बेरीज करणाऱ्या यंत्राने रिकाम्या जागेस मुकाट्याने शून्य मानले तर दोन्ही शाळा एकसारख्या दिसतील, आणि जेथे मुले खरोखर उपाशी राहिली ती शाळा गर्दीत हरवेल. आकडा न भरल्याबद्दल येणारी सूचना अनेकांना ठपका वाटते. वस्तुतः ती शिक्षकाविषयी नसून साखळीविषयी असते. रात्रीच्या गस्तवाल्याची हाळी ठरल्या वेळी ऐकू आली नाही तर गाव जागे होते. सर्व कुशल आहे, असे समजून कूस बदलीत नाही.

इशारा निघाला म्हणजे तो पोहोचला, असेही नव्हे. २०१७ च्या ओखी वादळाच्या वेळी खोल समुद्रात गेलेल्या अनेक नौकांना निरोप मिळण्याचे साधनच नव्हते. केरळ व तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यास सुखरूप लागल्या. कित्येक घरचे लोक मात्र परतलेच नाहीत. बंदरावर बावटा चढविलेला असतो, पण तो दिसतो बंदरात असलेल्यास. त्यानंतर २०१९ साली, उपग्रहाद्वारे खोल समुद्रातही निरोप पोहोचविणारे ‘जेमिनी’ हे उपकरण पुढे आले. त्याने निरोप घेता येतो, परत पाठविता येत नाही. तेव्हा ऐकणाऱ्याने ऐकले की नाही, हा प्रश्न उरतोच.

कार्यालयांनाही येथे चार शब्द सांगावेसे वाटतात. एका शाळेचा आकडा आला नाही म्हणून तालुक्यातील सर्व शाळांना तोच संदेश धाडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. आकडा वेळेवर भरणाऱ्या शिक्षकास असा संदेश रोज आला की आठवडाभरात तो उघडून पाहणे थांबते, आणि ज्या दिवशी खरोखर त्याच्या शाळेविषयी काही असेल त्या दिवशीही तो न उघडताच राहतो. इशारा ज्याच्याविषयी आहे त्याला जावा, त्यात शाळेचे नाव, तारीख व काय राहिले ते असावे, आणि दुरुस्तीस अवधी असताना जावा. रात्री १० वाजता गेलेल्या संदेशावर खाडीपलीकडच्या वाडीतील शिक्षक काय करणार?

ज्या शाळांत रेंज मिळत नाही तेथे शिक्षकांनी जेवण होताच आकडा प्रथम नोंदवहीत लिहावा, शेजारी वेळ टाकावी आणि रेंज मिळेल तेथे तोच आकडा भरावा. अंदाजाने आदल्या दिवशीचा आकडा पुन्हा भरू नये. जेवण दिले गेले नसेल तर शून्य भरून कारण नोंदवावे. आणि आकडा भरताच आला नाही, तर केंद्रप्रमुखांना त्याच दिवशी दूरध्वनीवरून तसे कळवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या यादीतील रिकाम्या जागेसमोर त्यांना काही तरी लिहिता येईल.