मॅचच्या आदल्या रात्री इस्त्री

उद्या तुमची इंटर-कॉलेज मॅच आहे, रात्रीचा दीड वाजलाय आणि झोपेचा पत्ता नाही. पहिल्याच बॉलवर दांडी गुल, हा सीन डोक्यात विसाव्यांदा चालू आहे. वाटतं, टीममध्ये आपणच एक घाबरट!

सचिन तेंडुलकरने २०२१ मध्ये सांगितलं होतं की, १०-१२ वर्षं मॅचआधी तो असाच बेचैन असायचा, कित्येक रात्री झोप नसायची. शंभर आंतरराष्ट्रीय शतकं ठोकणारा सचिन! आधी तो या बेचैनीशी झगडायचा. मग त्याने मान्य केलं, की हीसुद्धा आपली तयारीच. झोप नाही ना, मग मन रमेल असं काहीतरी करायचं. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं (इस्त्री आईवर ढकलणाऱ्यांनी नोंद घ्यावी), आदल्या दिवशीच बॅग भरणं. भावाने लावलेली ही सवय शेवटच्या मॅचपर्यंत टिकली.

तेव्हा उठा, पॅड, ग्लोव्हज, गार्ड बॅगेत टाका. मोबाइल मात्र लांब.

पण मॅच संपूनही बेचैनी आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर इस्त्रीने भागणार नाही. कोचशी, समुपदेशकाशी बोला. ग्लेन मॅक्सवेलने २०१९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी चक्क ब्रेक घेतला होता. नंतर तो ऑस्ट्रेलियाकडून परत खेळलाच की!