पिशवी, रूट ट्रेनर की गादीवाफा? रोपवाटिका सुरू करण्याआधी हे ठरवा

रोपवाटिकेच्या व्हिडिओनंतर बरेच जण विचारतात, "सर, रोपं कशात वाढवायची?" प्रश्न साधा वाटतो, पण तुमचं भांडवल, मजुरी आणि नाव तिन्ही यावर अवलंबून आहे.

1. गादीवाफा
सर्वात स्वस्त. सागाचं उदाहरण घ्या. वाफ्यात साधारण वर्षभर वाढलेलं रोप उपटायचं, शेंडा आणि बारीक मुळं छाटायची, की झाली 'साग जडी'. माती न्यावी लागत नाही, त्यामुळे वाहतूक हलकी. पण सगळ्याच झाडांना ही छाटणी सोसत नाही.

2. प्लास्टिक पिशवी
सुरुवातीला सोपी, पाण्याची एखादी पाळी चुकली तरी रोप तग धरतं. पण 6 बाय 8 इंचाच्या पिशवीत साधारण सव्वा लिटर माती बसते. 10,000 रोपं म्हणजे जवळजवळ साडेचार ब्रास! माती आणा, चाळा, भरा, उचला. मजुरी इथेच जाते.

खरा धोका मात्र दिसत नाही. रोप पिशवीत जास्त दिवस राहिलं की मुळं तळाशी गोल गोल फिरतात. वरून रोप हिरवंगार, पण शेतात गेल्यावर काही वर्षांनी वाढ खुंटते किंवा वाऱ्याने झाड कलंडतं. तेव्हा शेतकरी पिशवीला नाही, तुम्हाला नावं ठेवतो.

3. रूट ट्रेनर
आतून उभ्या कडा, खाली भोक, आणि ट्रे जमिनीपासून उंच स्टँडवर. मुळं कडांमुळे सरळ खाली जातात, भोकापाशी हवा लागली की टोक सुकतं आणि वर नवीन मुळं फुटतात. 150 मिलीच्या कप्प्यात 10,000 रोपांना फक्त दीड घनमीटर मिश्रण, म्हणजे अर्धा ब्रास. कप्पे पुन्हा वापरता येतात. पण सुरुवातीचा खर्च जास्त, कोकोपीट लवकर सुकतं. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं तर अख्खी बॅच जाऊ शकते.

मग निवडायचं कसं?
जंगली झाडांची मोठी ऑर्डर आणि पाण्याची पक्की सोय असेल तर रूट ट्रेनर. आंब्याच्या कलमांसारखी रोपं जास्त दिवस ठेवायची असतील तर मोठी पिशवी, आणि मुळं तळाला टेकायच्या आत मोठ्या पिशवीत बदल.

आणि हो, महाराष्ट्रात फळझाडांची रोपं विकायला कृषी विभागाचा परवाना लागतो. तो आधी काढा.

आजचं काम एकच: जवळच्या रोपवाटिकेतून एक जुनं रोप विकत घ्या, पिशवी फाडा आणि मुळं बघा. बाकी सगळं तेच सांगेल!