सावित्रीच्या खाली, समुद्राच्या तळाशी

पोलादपूर हे नाव जगभरचे भूवैज्ञानिक घेतात, हे पोलादपुरात फारसे कुणाच्या कानी नसेल. दख्खनच्या लाव्हाथरांची रासायनिक घडणीवरून वर्गवारी झाली, तेव्हा एका थरसमूहाला ‘पोलादपूर’ नाव मिळाले. त्याच्या वर ‘आंबेनळी’, त्याहून वर ‘महाबळेश्वर’. वय साधारण ६.६ कोटी वर्षे. पुढे लवकरच सेशेल्सचा तुकडा भारताच्या पश्चिम कडेपासून सुटला आणि मधला समुद्र रुंदावू लागला.

या फाटण्याच्या खुणा शेजारच्या महाडच्या काळ्या कातळात थोड्याच. तिथल्या सव गावचे गरम पाण्याचे झरे खोल भेगांकडे बोट दाखवतात, एवढेच. लाव्हा येतो आणि आधीचे सगळे झाकून टाकतो. नोंद ठेवतो तो गाळ. खंड ताणला की जमीन पट्ट्यापट्ट्यांनी खचते आणि त्या खोलगटांत आधी कडेचे गोटे-खडी, मग नदी-तळ्यांची वाळू आणि चिखल, दलदल असेल तर कोळसा साचतो. समुद्र आत शिरला की सागरी चिकणमाती आणि चुनखडी. भेगेलगत जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता होत गेलेला थर दिसला, तर तो जमीन खचत असतानाच साचला असे समजावे. भेगेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला थर नंतरचा.

सह्याद्रीच्या पोटातही असे काही हाती लागत नाही. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी रासाटीला विंधनविहीर खोदली, तर सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला.

आपली नोंद पाण्याखाली आहे, आणि ती सापडली तेलामुळे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचाने मुंबई हायला तेल शोधले. त्या टापूतल्या विहिरींत तळाला बेसाल्ट, त्यावर त्याचाच झिजून साचलेला भुगा, मग ‘पन्ना’ हा थरसमूह लागतो: शेल, वाळू, कोळशाचे पट्टे. खोलगटांत तो जाड, उंचवट्यांवर पातळ किंवा मुळीच नाही. म्हणजे जमीन खचत होती. वर चुनखडी आली, म्हणजे समुद्र स्थिरावला. तिच्यातल्या एका समूहाला वसईचे जुने नाव आहे, ‘बसीन’. मुंबई हायच्या तेलाचा उगम मुख्यतः पन्नाच्या शेलमध्ये मानतात. खंड फाटला, म्हणून तेल मिळाले, असे म्हणायला हरकत नाही.

गाळाची ही भर अजून थांबलेली नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडकरांनी सावित्री नदीतला गाळ उपसण्याचा आग्रह धरला, तो रास्तच. जो उपसला जात नाही, त्यातला बारीक भाग बाणकोटच्या खाडीतून त्याच खचलेल्या कडेवर जाऊन बसतो.