लेकरांच्या रक्षणाचा कायदा

घरात चोरी झाली की आपण पोलीस पाटलाकडे धाव घेतो. पण लेकरावर अत्याचार झाला तर? घरचे लोक दार लावून घेतात. ‘बोभाटा नको, अब्रू जाईल,’ असं म्हणतात. कधी चारचौघे बसून, पैसे देऊन प्रकरण मिटवतात. गुन्हेगार मोकळाच राहतो. उद्या तो दुसऱ्या लेकराला गाठतो.

अब्रू जायची तर गुन्हेगाराची. लेकराचा त्यात काय दोष?

अशा गुन्ह्यांसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून वेगळा कायदा लागू झाला. त्याला ‘पॉक्सो’ म्हणतात. १८ वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो लागू आहे.

२०१९ साली हा कायदा आणखी कडक झाला. पूर्वी बलात्काराला निदान ७ वर्षे कैद होती. आता निदान १० वर्षे आहे. मूल १६ वर्षांच्या आतले असेल तर निदान २० वर्षे. मूल १२ वर्षांच्या आतले असेल, किंवा गुन्हा करणारा नातेवाईक, शिक्षक वा पोलीस असेल, तर निदान २० वर्षे, जन्मठेप किंवा फाशीसुद्धा होऊ शकते. वाईट हेतूने अंगाला हात लावला तरी ३ ते ५ वर्षे कैद आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणे, हाही गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होतो. गावाने बसून असे प्रकरण मिटवायचे नसते.

मग काय करावे? लेकरू सांगेल ते शांतपणे ऐका. त्याला रागावू नका. अंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. उपचार फुकट मिळतात. पोलिसांना कळवा. १०९८ किंवा ११२ या नंबरवर फोन केला तरी चालतो.

चौकीची भीती वाटते ना? लेकराचा जबाब घरीही घेता येतो. शक्यतो बाई अधिकारी येते, तीही साध्या कपड्यांत. लेकराला रात्री चौकीत ठेवता येत नाही. त्याचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही.

शिक्षा कितीही मोठी असो, कुणी तक्रारच केली नाही तर ती होणार कशी? म्हणून गप्प बसू नका.