ब्रेक गाडीचा, जबाबदारी चालकाची

आम्ही पावणे गावातल्या बचत गटाच्या बाया. आमच्यातल्या बऱ्याच जणी शिफ्ट सुटल्यावर ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून घरी येतात. मागच्या बैठकीत एकीचा ड्रायव्हर मुलगा म्हणाला, "मावशी, नव्या गाड्या आपोआप ब्रेक लावतात. काळजी सोडा."

खरं आहे, पण अर्धंच. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत ही सोय आहे. पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि बंपरजवळचा रडार समोर पाहत असतात. धडक होईलसं वाटलं की गाडी आधी आवाज करून सावध करते. चालकाने काहीच केलं नाही, तर स्वतः ब्रेक दाबते. त्याने काही अपघात टळतात, काहींत मार कमी बसतो.

पण मुसळधार पाऊस, काचेवर चिखल, काळोख, कंटेनरच्या आडून अचानक आलेलं माणूस, अशा वेळी यंत्राला उशिरा दिसतं किंवा दिसतच नाही. ताशी ५४ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १५ मीटर पुढे जाते. रस्ता ओला असला तर ब्रेक लागूनही लवकर थांबत नाही. एमआयडीसीतल्या जुन्या ट्रक-टेम्पोंत तर हे यंत्रच नसतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ धोकादायक गाडी चालवल्याबद्दल चालकाला जबाबदार धरतो, यंत्राला नाही. म्हणून घरच्या ड्रायव्हरला सांगा: वेग आवर, अंतर ठेव, मोबाइल बाजूला ठेव, काच आणि बंपर पुसून निघ. आणि आपण? गाडी थांबेल म्हणून नाही, थांबली की मगच पाऊल टाकूया.